खाली दुकान, वर बिऱ्हाड : आगीआधी धुराचा विचार करा

३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपल्या जुन्या औरंगाबादच्या छावणी भागात शिवणकामाच्या एका दुकानाला आग लागली. रमजानचा महिना होता. दुकान तळमजल्यावर आणि बिऱ्हाडे वरच्या मजल्यांवर, अशी ती इमारत. चारच्या सुमाराची वेळ. एकाच कुटुंबातील सात माणसे त्यात दगावली. दोन पुरुष, तीन स्त्रिया आणि दोन लहान मुले. त्या दिवशी पोलीस अधिकाऱ्यांनी जे सांगितले ते प्रत्येक दुकानदाराने लक्षात ठेवावे असे आहे. आग त्या कुटुंबाच्या मजल्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. सातही जण धुराने गुदमरून गेले.

त्याआधी तीनच महिने, ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनविणाऱ्या कारखान्यात सहा कामगार गेले. ते कारखान्यातच झोपत असत. पुढे १८ मे २०२५ रोजी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण मरण पावले. कारखान्याचे वयोवृद्ध मालक, त्यांच्या घरातील माणसे व कामगार त्यात होते, कारण मालकाचे बिऱ्हाड कारखान्याच्या आवारातच होते. तीन घटना, तीन ठिकाणे. पण वेळ तिन्ही वेळा झोपेची, माल तिन्ही वेळा कापड-सूत किंवा तत्सम, आणि मेलेली माणसे तिन्ही वेळा मालाच्या सोबतीने झोपलेली.

आपल्या समाजातील शिंपी, पिंजारी, बेकरीवाले, मनियार, वेल्डर, फर्निचरवाले असे बहुतेक कारागीर याच पद्धतीने राहतात. जागेचे भाडे वाचते, मालावर नजर राहते, घरच्या बायका-मुलींचा कामात हातभार लागतो. ही पद्धत सोडा असे आम्ही म्हणणार नाही, ते कोणाला परवडणारही नाही. मात्र या घरांना लागणारी आग साध्या घराच्या आगीसारखी नसते, आणि तिची तयारीही निराळी करावी लागते.

हा लेख लिहिताना आम्ही जालना जिल्ह्यातील जांब समर्थसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले आहे. घनसावंगी तालुक्यातले हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान म्हणून सर्वांना माहीत आहे. रामनवमीला तेथे उत्सव असतो आणि आसपासचे छोटे व्यापारी पाल ठोकून दुकाने लावतात. अशा गावात ग्रामपंचायतीकडे स्वतःचा बंब नसतो. तो तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणाहून नाहीतर जवळच्या साखर कारखान्याहून मागवावा लागतो. फोन लागला, चालक जागेवर असला, रस्ता मोकळा मिळाला, तरी वेळ जाणारच. छावणी हा तर मोठ्या शहराचा भाग, तेथेही सात माणसे वाचली नाहीत. कारण धुराला लागणारा वेळ बंबाला लागणाऱ्या वेळेपेक्षा फार थोडा असतो.

धूर वर कसा जातो

जुन्या काळी दुकानात सुती कापड, लाकूड, तागाची पोती असत. आज पॉलिस्टर, फोम, रेक्झीन, प्लॅस्टिकच्या पिशव्या, थर्माकोल आहे. हा माल पेटला की चार-पाच मिनिटांत सारी खोली एकदम भडकू शकते. त्याआधीच काळा, जड धूर निघू लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला आधी गुंगी आणतो. फोमच्या धुरात तर सायनाईडचाही विषारी वायू असतो. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. झोपेत वास जवळजवळ कळत नाही, आणि विषारी वायूने झोप उलट गाढ होते.

हा धूर वर जातो तो जिन्याने. दुकानातून घरात जाणारा जिना म्हणजे आगीसाठी चुलीचे धुराडेच. खाली पेटले की गरम हवा त्या पोकळीतून वर खेचली जाते. आणि आपल्याकडे बहुधा तोच एक जिना खाली उतरायचा आणि गच्चीवर जायचाही असतो. म्हणजे धूर ज्या वाटेने येतो तीच माणसांची एकमेव वाट.

म्हणून आमचे पहिले सांगणे, अग्निशामक सिलिंडरच्याही आधीचे, असे आहे की दुकानापासून वेगळी अशी दुसरी वाट करा. मागच्या खिडकीच्या गजांमध्ये आतून उघडणारी झडप लोहाराकडून बसवून घ्यावी आणि खाली भिंतीला लोखंडी शिडी पक्की करावी. मोहल्ल्यात गच्च्या एकमेकींना लागून असतात. शेजाऱ्याशी आजच बोलून ठेवले तर त्याच्या गच्चीवरून उतरता येईल. मात्र त्या गच्चीपर्यंत पोहोचायला धुराच्या जिन्यानेच जावे लागत असेल, तर ती वाट धरता येणार नाही. पुष्कळ घरांत परद्यासाठी गॅलरी पत्र्याने कायमची बंद केलेली असते. परदा राहू द्या, पण पत्र्याला बिजागरी व आतून कडी लावा. कुलूप घालायचेच असेल तर किल्ली त्याच दाराशेजारी खिळ्याला टांगलेली असावी, आणि ती घरातील सात-आठ वर्षांच्या मुलालाही ठाऊक असावी. उशाखाली ठेवलेली किल्ली अंधारात व धुरात सापडत नाही.

दुसरे, दुकान आणि जिना यांच्यामध्ये विटांची भिंत व पत्रा मारलेले दार असावे आणि रात्री ते बंद असावे. प्लायवूडची पार्टिशन किंवा पडदा धुराला अडवीत नाही. झोपण्याच्या खोलीचे दारही लोटून घेतलेले बरे. बंद दार धुराला काही मिनिटे रोखते, आणि त्या मिनिटांतच माणसे बाहेर पडतात. बॅटरीवर चालणारा, धूर लागताच मोठ्याने वाजणारा छोटा यंत्र-भोंगा आता बाजारात मिळतो. तो जिन्याच्या माथ्यावर छताला लावावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून वाजतो का ते पाहावे. ईदच्या एका जोडीच्या शिलाईतही कदाचित तो येईल, पण दुकानदार मंडळी त्याऐवजी दुसरा काचेचा शोकेस घेतात.

बेकरी, गादी कारखाना, शिवणकाम यांत परगावची कारागीर पोरे पोटमाळ्यावर झोपतात. त्यांच्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे. मालक रात्री बाहेरून शटरला कुलूप लावून घरी जातो, चोरीच्या भीतीने. कुलूपबंद शटरच्या आत माणूस ठेवणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. त्या मुलांना आतून उघडणारे दार हवे, आणि पोटमाळ्यावर नव्हे तर मागच्या उघड्या जागेत निजायची सोय हवी. पोटमाळा ही धूर सर्वांत आधी भरण्याची जागा आहे.

आग लागते कशी

छावणीच्या घटनेनंतर सुरुवातीच्या बातम्यांत चार्जिंगला लावलेल्या इलेक्ट्रिक गाडीची चर्चा होती. कारण काहीही असो, रात्री दुकानात गाडी किंवा तिची बॅटरी चार्जिंगला लावून वर झोपायला जाऊ नये. लिथियमची बॅटरी बिघडली की आतूनच तापत जाते आणि क्षणात जोराने पेटते. तिच्यातून भरपूर विषारी धूर निघतो आणि विझली असे वाटल्यावरही ती पुन्हा पेटू शकते. चार्जिंग जागेपणी करावे, मोकळ्यावर करावे, जिन्याखाली तर कधीच करू नये, आणि चार्जर गाडीसोबत आलेलाच वापरावा.

मराठवाड्यातल्या दुकानदाराला एक कारण शहरवाल्यांपेक्षा अधिक लागू आहे. लाईट जाते. इस्त्री चालू असताना गेली म्हणजे कारागीर ती तशीच कपड्यावर किंवा फळीवर ठेवून उठतो, चहाला जातो, मग दुकान बंद होते. रात्री दोन वाजता लाईट येते. शेगडी, सोल्डरिंगची कांडी, ग्लू गन, पाणी तापवायचा रॉड यांचेही तसेच. त्यावर उपाय फुकटाचा आहे. शटर ओढण्याआधी दुकानाचा मेन स्विच बंद करावा. घराची व दुकानाची लाईन वेगळी करून घेतली म्हणजे दुकानाचा मेन बंद करूनही घरचा पंखा आणि फ्रीज चालू राहतो. वायरमनला अर्ध्या दिवसाचे काम आहे. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार भरणे सोडावे. फ्यूज वारंवार जाणे म्हणजे वायरीवर जास्त भार आहे असा तो निरोप असतो. जाड तार भरली की फ्यूज जात नाही, भिंतीतली वायर जळते. एका एक्स्टेंशन बोर्डवर शिलाई मशीन, इस्त्री व कूलर चालवणाऱ्यांना हेच सांगणे.

पिंजारी बांधवांच्या धंद्यातील आग वेगळ्या स्वभावाची आहे, तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो. शेतकऱ्याच्या कापसात आगकाडी, खडा किंवा लोखंडाचा तुकडा येतो. पिंजण्याच्या यंत्रात तो घासला की ठिणगी पडते. ठिणगी कापसाच्या ढिगात शिरते आणि आत तासन् तास धुमसते. वर ज्वाला दिसत नाही. संध्याकाळी कारखाना बंद करून माणूस घरी जातो आणि पहाटे आग दिसते. म्हणून यंत्र थांबवल्यानंतर निदान तासभर तरी तेथे माणूस असावा, आणि त्या दिवशीचा पिंजलेला कापूस घराला लागून ठेवू नये. अशा ढिगावर नुसते वरून पाणी ओतून भागत नाही, पाणी आत शिरतच नाही. कापूस उघड्यावर ओढून, फावड्याने सुटा करून, थोडा थोडा भिजवावा आणि रात्रभर राखण करावी. भावाची वाट पाहत घरातच खोली भरून कापूस साठवणाऱ्या शेतकरी कुटुंबांनाही हे लागू आहे. त्या खोलीत बिडी नको, दिवा नको, मोबाईलचा चार्जरही नको.

फर्निचरवाल्यांनी जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि बोळ्यातली चिंधी आपोआप पेटते. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात टाकाव्यात. वेल्डिंगची ठिणगी पस्तीस फुटांपर्यंत जाते हे वेल्डरला माहीत असते, शेजारच्या गादीवाल्याला नसते. किराणा दुकानात बाटल्यांतून पेट्रोल विकण्याची खेड्यातली चाल बंद केलेलीच बरी. त्याची वाफ जमिनीलगत सरपटत जाऊन लांबच्या चुलीपर्यंत पोहोचते.

गॅसबद्दल लोकांना बरेच माहीत आहे, तरी दोन गोष्टी राहतात. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. ती चांगली दिसते म्हणून दहा-दहा वर्षे तशीच असते. आणि गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो खाली साचतो, म्हणून वास आल्यावर खिडकीबरोबर दारही उघडावे. रेग्युलेटर बंद करावा. स्विच चालू करू नये आणि चालू असलेला बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडते. बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे. हा क्रमांक गॅसगळतीसाठी चोवीस तास चालू असतो. रमजानमध्ये सहरीच्या वेळी घरातली बाई अर्ध्या झोपेत शेगडी पेटवते. त्यापूर्वी दार उघडून एकदा वास घेण्याची सवय तिने लावावी, आणि तिच्या आधी उठणाऱ्या पुरुषांनीही लावावी.

पेटलेच तर

पहिला प्रश्न, विझवायचे की पळायचे. आग कचऱ्याच्या डब्याएवढी आहे, पाठीमागे बाहेरची वाट मोकळी आहे आणि धूर डोक्याच्या वर आहे, तरच विझवायला थांबावे. यातली एकही गोष्ट नसेल तर थांबू नये. दुकानासाठी चार ते सहा किलोचे एबीसी पावडरचे सिलिंडर पुरेसे होते. त्यावर आयएसआयची खूण असावी आणि काटा हिरव्या पट्ट्यात असावा. ते दाराजवळ टांगावे, गल्ल्यामागे नव्हे. पिन ओढायची, नळी ज्वालेच्या मुळाशी धरायची, दांडा दाबून डावीउजवीकडे फिरवायचे. पंधरा-वीस सेकंदांत ते संपते, म्हणून आधी नेम धरावा. विजेच्या आगीवर मेन बंद केल्याशिवाय पाणी टाकू नये. तळणीचे तेल पेटले तर पाणी अजिबात नको, शेगडी बंद करून वर झाकण सरकवावे आणि ते थंड होईपर्यंत उचलू नये.

घरात धूर शिरला असेल तर जमिनीलगत, गुडघ्यावर व हातावर चालत निघावे. खाली अजून हवा असते. तोंडावर ओला रुमाल धरावा असे सर्वत्र सांगतात. त्याने काजळी थोडी अडते, पण विषारी वायू अडत नाही. रुमालाच्या भरवशावर धुरात परत शिरणारा माणूस स्वतःचा जीव देतो. बंद दार उघडण्याआधी हाताच्या पालथ्या बाजूने चाचपावे. गरम असेल तर ते दार उघडू नये, फटीत ओली चादर खोचून खिडकीकडे जावे व ओरडावे. बाहेर आल्यावर माणसे मोजण्यासाठी एक जागा आधीच ठरलेली असावी, समोरचा लिंब किंवा मशिदीची पायरी. गल्ला, दागिने, हिशेबाच्या वह्या यांसाठी परत जाणारे त्या मोजणीत पुन्हा सापडत नाहीत.

१०१ किंवा ११२ लावताना गावाचे नाव, तालुका आणि ओळखीची खूण सांगावी. जांब नावाची गावे एकाहून जास्त आहेत, म्हणून 'जांब समर्थ, तालुका घनसावंगी' असेच म्हणावे. मग गावाला उठवावे. मशिदीचा आणि मंदिराचा लाऊडस्पीकर रात्री दहानंतर बंद ठेवावा लागतो हे खरे, पण सार्वजनिक संकटाच्या वेळी त्याचा वापर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीच मान्य केला आहे. बंब येईपर्यंत गावाकडे जे आहे ते कमी नाही. मोसंबीच्या बागा असलेल्या या भागात ट्रॅक्टरवरचे फवारणीचे ब्लोअर आहेत, पाण्याचे टँकर आहेत, विहिरीवरच्या मोटारी आणि लांब पाईप आहेत. कोणाकडे काय आहे, त्याचा मोबाईल कोणता, ही यादी मशिदीत, मंदिरात व ग्रामपंचायतीत लावून ठेवावी. टंचाईच्या महिन्यांत निदान एक टँकर भरलेला राहील असे गावाने पाहावे. पाणी मारणाऱ्याने मात्र आत शिरू नये. जुने धाब्याचे घर असेल तर लाकडी तुळया जळाल्यावर छताची माती एकदम खाली येते, आग विझल्यानंतर दुसऱ्या दिवशीसुद्धा.

अंगावरचे कपडे पेटले तर धावू नये. जमिनीवर पडून लोळावे, जवळच्याने सुती गोधडी टाकून लपेटावे. नंतर भाजलेल्या भागावर साधे थंड पाणी वीस मिनिटे संथपणे ओतावे. टूथपेस्ट, शाई, तूप, हळद, बर्फ काही नको. चिकटलेला कपडा ओढू नये, अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढाव्यात आणि १०८ ला फोन करावा. धुरात सापडलेला माणूस वरून ठीक दिसला तरी त्याला दवाखान्यात न्यावे.

नंतरचा हिशेब

जळालेल्या जागेतील काही हलवण्याआधी फोटो घ्यावेत, तलाठी आणि पोलिसांकडून पंचनामा करून घ्यावा व त्याची प्रत मागून घ्यावी. गॅसमुळे आग लागली असेल तर वितरकाला लगेच लेखी कळवावे, कारण तेल कंपन्यांचा ग्राहकांसाठी सार्वजनिक विमा असतो. त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही, म्हणून पुष्कळांना तो माहीतच नसतो. घरगुती सिलिंडर दुकानात वापरला असेल तर मात्र ही मागणी अडचणीत येते.

विम्याबद्दल ज्यांच्या मनात शरई प्रश्न आहे त्यांनी आपल्या उलमांना विचारावे, तो विषय या पानाचा नाही. मात्र बँकेचे कर्ज घेतलेल्या दुकानाचा विमा बँकेने बहुधा उतरवलेलाच असतो, आणि मालकाला त्यातले कलमही माहीत नसते. १ एप्रिल २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' आणि घरासाठी 'भारत गृह रक्षा' अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी सर्व कंपन्यांकडे मिळतात. खाली दुकान व वर घर असेल तर दोन्ही नमूद झाले आहेत का ते पाहावे. बँकेने पुष्कळदा फक्त दुकानातला माल लिहिलेला असतो.

त्याहून महत्त्वाचे, शिंप्याच्या कपाटातले कापड गिऱ्हाइकाचे असते, पिंजाऱ्याकडचा कापूस शेतकऱ्याचा असतो. ती अमानत आहे. पॉलिसीत 'दुसऱ्याचा विश्वासाने ठेवलेला माल' असे स्पष्ट लिहून घेतले नाही तर भरपाई फक्त स्वतःच्या मालाची मिळण्याचा धोका असतो, आणि लग्नसराईत तीसचाळीस घरांचे कापड जळाले तर त्याची भरपाई खिशातून द्यावी लागते. त्यासाठी कोणाचे काय, किती मीटर, किती किलो याची वही हवी. ती वही दुकानातच असते आणि दुकानाबरोबरच जळते. रोज रात्री मेन स्विच बंद करण्याआधी त्या दिवसाच्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून वेगळ्या घरी राहणाऱ्या भावाला किंवा मेहुण्याला पाठवून ठेवावा.